चेंडूवरचा चिखल

चेंडूला लागलेला चिखल पुसणे, यात कसला आला गुन्हा? परंतु गॉल्फमध्ये चेंडू पडेल तेथून, पडेल तसाच खेळावयाचा. त्यास हात लावणे हीच मुळी सवलत. स्कॉटलंडात लीथ येथे १७४४ साली लिहिलेल्या १३ नियमांनुसार पाण्यातून चेंडू काढल्यास प्रतिस्पर्ध्यास एक फटका बहाल करावा लागे. पुढे १९५२ पर्यंत दोघांच्या सामन्यात छिद्राच्या वाटेत आडवा पडलेला चेंडूदेखील सहसा उचलता येत नसे. मग पुसण्याची गोष्ट कशाला! छिद्राभोवतालच्या हिरवळीवर ती मुभा १९६० साली मिळाली. अन्यत्र मात्र, दुसऱ्याच्या आड येतो म्हणून उचललेला चेंडू रुमालाने पुसला, तर आजही एका फटक्याचा दंड होतो. एका अंगास चिकटलेल्या चिखलाने चेंडू भलतीकडे वळतो खरा; तरी मला हा कठोरपणा पटतो. पुसलेला चेंडू दोन बोटे सोयीच्या जागी ठेवण्याचा मोह आवरणे सोपे नव्हे.