नव्याच्या दिवशीचे पावणे

आधी चपला काढा आणि हातात घ्या. बांध अरुंद आहे, दोन्हीकडचा चिखल अजून ओला आहे. पाय घसरला तर पोटरीपर्यंत आत जाल आणि तुम्हाला ओढून काढायला येणारी पोरं आधी पोटभर हसून घेतील.

साल 1930 च्या आगेमागे धरा. जयगडला आगबोटीतून उतरलात, होडीनं शास्त्रीची खाडी वर चढून फुणगुसाला आलात आणि तिथून घाटी चढत, उतरत इथवर पायी पोचलात. पावसाळाभर बंद असलेली बोट नुकतीच सुरू झाली आहे, त्यामुळे तुम्ही कुठून आलात हे गावाला तुमच्या कपड्यांवरूनच कळतं. "मुंबैस्नं?" बांधावरचा म्हातारा विचारतो. हो म्हणा. खोटं काही नाही त्यात. मधल्या शंभर वर्षांचं त्यानं विचारलेलं नाही, तुम्हीही काढू नका.

आश्विनातलं ऊन वरून लागतं त्याहून जास्त खालून लागतं. चिखलाची वाफ धोतरात शिरते, सदरा पाठीला चिकटतो, भाताची कुसं मानेत घुसून खाज सुटते. खाजवलंत की ती पसरते. पिकल्या भाताचा गोडसर वास, त्यात कुजलेल्या गवताचा उग्रपणा आणि कुठून तरी येणारा गोवऱ्यांचा धूर. पोपटांचा थवा कुणग्यात उतरतो, बांधावरचा पोरगा गोफण फिरवत अशी आरोळी ठोकतो की पोपटांआधी तुम्हीच दचकता.

म्हातारा आज कापणी करत नाही. नुसत्या निवडक लोंब्या विळ्यानं खुडतो आहे. हळवं भात पिकलं, गरवं अजून हिरवं आहे, त्याला दिवाळी उजाडेल. हा हळव्याचाच पहिला घास. भाद्रपदातल्या शेवटच्या दिवसांत घरातली कणगी तळाला लागते आणि पेज इतकी पातळ होते की वाडग्याचा तळ दिसतो. ते दिवस आत्ताच सरलेत. म्हाताऱ्याची बोटं लोंबीवरून कशी फिरतात ते नीट बघा. आणि हो, पावलांकडेही बघा. फुरसं याच दिवसांत बांधावर ऊन खात बसतं.

घर जवळ आलं हे आधी कानांना कळतं. धप्, धप्, धप्. पावसानं उखणलेलं खळं बायका चोपण्यानं बडवून सपाट करताहेत. एकीचं चोपणं उठतं तोवर दुसरीचं पडतं, आणि त्या तालावर शेजारणीच्या सुनेची यथेच्छ निंदा चालू आहे. तुम्ही दिसताच निंदा थांबते, चोपणं थांबत नाही. पडवीतून आत शिरलात की अंधार. छपराच्या पेंढ्याखाली गारवा आहे, डोळ्यांत मात्र चुलीचा धूर. डोळे सरावले की गोठ्यातली गाय तुमच्याकडे बघताना दिसेल. माणसं आणि गुरं यांच्यामध्ये इथे फक्त एक कूड आहे, आणि वासाला तर तोही अडवत नाही.

आज नवान्न पौर्णिमा. ओटीवर आजी पाय पसरून 'नवं' बांधायला बसली आहे. आंब्याच्या पानावर भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरीची काडी, कुरडूचं फूल, आणि सगळं सुंभाच्या दोऱ्यानं आवळून. तुमच्याकडेही पानं सरकवली जातात. इथे पावणा म्हणजे दोन रिकामे हात. तुम्ही बांधलेलं पहिलं नवं उचलताच सुटतं, आजी ते काही न बोलता पुन्हा बांधते, आणि ओटीवरची सगळ्यात लहान पोर तुमच्याकडे कीव आल्यासारखी बघते.

मग ढीग टोपलीत घालून वरात निघते. देवघर, उंबरठा, चूल. जातं. व्हाईन आणि तिच्या कडेला टेकवलेलं मुसळ. नांगर, जू, कोनाड्यातले विळे, आढ्याला अडकवलेलं इरलं. विहिरीच्या काठावर एक, गाईच्या शिंगाला एक. बैल मान झटकतो, त्याचं नवं त्याच्याच गव्हाणीत पडतं आणि तो ते खाऊन टाकतो. यात कोणाला अपशकुन वाटत नाही. त्याच्याचसाठी होतं ना!

पायलीला बांधताना म्हातारा जरा थांबतो. चार शेरांची ही पायली अजून कणगीपर्यंत पोचलेली नाही. परवा खोताचा माणूस येऊन उभ्या पिकाची अभावणी, म्हणजे खोताच्या वाट्यासाठी अंदाज, करून गेला. त्यानं पीक किती धरलं आणि म्हाताऱ्याच्या मते ते किती आहे, यावर घरात दोन रात्री कुजबुज झाली आहे. आज तो विषय कोणी काढत नाही. म्हातारा पायलीला नवं जरा घट्टच बांधतो.

शेवटचं नवं थोरल्या सुनेच्या हातात. ती माजघरातल्या खुंटीला बांधते. खुंटीवर घोंगडी आहे, तिचा मालक परळच्या गिरणीत. त्याची मनिऑर्डर गेल्या आठवड्यात आली, तिच्यावरच्या चार ओळी पोस्टमननं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचल्या. सुनेच्या वाट्याला त्यात एक शब्दही नव्हता. सगळ्या घराच्या कानांवर पडणाऱ्या मजकुरात असणार तरी कसा?

ही सून पहाटेपासून उभी आहे. ओल्या लोंब्या झोडल्या, दाणे तव्यावर परतून सुकवले, घिरटावर भरडले, व्हाइनीत कांडले, पाखडले. दोन्ही तळहात लाल झालेत. घरानं मुसळाला हळदकुंकू वाहिलं, मुसळ उचलणारीला कोणी काही म्हणालं नाही. मला हे खटकतं. तुम्हालाही खटकलं तर तोंडावर दिसू देऊ नका, पावणे आहात.

पान वाढलं आहे, बसा. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, शितं सुटी होत नाहीत, आणि त्याचा वास मात्र असा की काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याकडे हात जायला वेळ लागतो. मग खीर. गूळ, नारळाचा रस, वर एक हळदीचं पान, तेवढंच. गरम आहे, बोटं भाजतील, फुंकर मारा. तुमच्या पानातली संपली की कोणी विचारत नाही, वाढून मोकळे होतात. पुरे म्हणालात तर आजी ऐकू न आल्याचं सोंग करते. तिला सगळं ऐकू येतं.

पुरुष उठले, पोरं उठली, बायका शेवटी बसल्या. टोप एव्हाना रिकामा असणार असं तुम्ही धरून चालता. आजी उठते, चुलीमागून झाकलेली वाटी काढते आणि तळाची लालसर खरवड सगळी थोरलीच्या पानात उपडी करते. खरवडीवरून याच घरात पोरांची डोकी फुटलीत. सून मान वर करत नाही, खायला लागते. आजी लगेच तिला विचारते की गाईला पाणी दाखवलंस का.

रात्री तुम्हाला झोप मिळेल अशी आशा धरू नका. चांदणं टिपूर पडलं असलं तरी रानडुकरं कुणग्यात उतरतात आणि उरलेलं भात एका रात्रीत लोळवतात. माळ्यावर जागायला माणूस कमी आहे, आणि तुम्ही तर हट्टेकट्टे. आजी माजघरात जाते, खुंटीवरची घोंगडी ओढून काढते, नवं बाजूच्या खिळ्याला अडकवते आणि घोंगडी तुमच्या खांद्यावर टाकते. सून बघते, काही बोलत नाही, फक्त तिचं टोक झटकून नीट करते. घोंगडीला तेलाचा आणि धुराचा वास आहे. म्हातारा तुमच्या हातात घासलेटचा रिकामा डबा आणि दांडकं देतो. शिडी चढा, तिसरी पायरी मोडकी आहे, तिच्यावर पाय देऊ नका. खालच्या कुणग्यात काही तरी खसपसलं? मग बघताय काय, बडवा की डबा!