नांदगाव ते नागाव : ग्रहणगणिताची परंपरा

मुरुडजवळचे नांदगाव आणि अलिबागजवळचे नागाव या रायगड किनाऱ्यावरील दोन गावांनी मराठी पंचांगाला दोन थोर गणिती दिले. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास, 'ग्रहलाघव' रचले, तर १८२५ मध्ये नागावात जन्मलेल्या केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. ग्रहणाच्या स्पर्शकाळी, म्हणजे प्रारंभी, व मोक्षकाळी, म्हणजे शेवटी, स्नान करण्याची चाल असल्याने, सरकणाऱ्या दोन बिंबांमधील अंतर ठरावीक मापाइतके केव्हा होते, हे दोघांनाही वर्तवावे लागले.

चंद्रग्रहणात पृथ्वीची छाया व चंद्रबिंब यांच्या त्रिज्यांच्या बेरजेला मानैक्यार्ध म्हणतात, आणि क्रांतिवृत्तापासून चंद्र जितका उत्तरेस वा दक्षिणेस असतो त्या अंतराला शर. मानैक्यार्ध ६० कला, शर ३६ कला आणि छायेच्या सापेक्ष चंद्राची गती तासाला ३२ कला धरली, तर ग्रहणमध्यापासून 'त' तासांनी केंद्रांमधील अंतराचा वर्ग (३२त)² + ३६² इतका होतो. तो ६०² बरोबर मांडला की वर्गसमीकरण तयार होते व त्याची मुळे उणे दीड आणि अधिक दीड येतात. अर्थात मध्याच्या दीड तास आधी स्पर्श आणि दीड तासाने मोक्ष. शर मानैक्यार्धाइतकाच असल्यास दोन्ही मुळे एक होऊन बिंबे केवळ टेकतात, आणि त्याहून अधिक असल्यास वास्तव मूळच उरत नाही व ग्रहण लागत नाही.

गणेश दैवज्ञांनी गणित सुलभ करण्यासाठी ज्या-चाप, म्हणजे कोन व जीवा यांचा किचकट हिशेब, ग्रंथातून वगळला. वर्गमूळ मात्र ठेवले. मानैक्यार्ध व शर यांच्या बेरजेला त्यांच्या वजाबाकीने, म्हणजे ग्रासाने, गुणून मूळ काढण्याची त्यांची रीत याच समीकरणाची उकल होय. आर्य, सौर व ब्राह्म या पक्षांपैकी, म्हणजे ज्योतिषगणिताच्या परंपरांपैकी, वेधांशी जुळणारी ग्रहमाने त्यांनी निवडली होती. तथापि शतकांच्या ओघात त्यांत अंतर साचत गेले. कुलाबा वेधशाळेत काम केलेल्या छत्र्यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे नवी माने मराठीत आणली, आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग त्यांवर निघू लागले.

समीकरणाचा साचा कायम राहिला, त्यात घालायचे अंक बदलले. आणि ते अंक आकाशाशी ताडून पाहण्याची शिस्त हा या दोन गावांचा सर्वांत मोलाचा वारसा आहे.