वादळाची वर्दी देणारे धर्मगुरू

आपला वाशीम जिल्हा दोन्ही समुद्रांपासून शेकडो मैल दूर. गलबत, शीड, भरती-ओहोटी हे शब्द आपणांस बहुधा ऐकूनच ठाऊक. तेव्हा ज्युबिलीच्या या स्मरणिकेत समुद्री वादळांचा इतिहास कशाला, अशी शंका वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु २०२१ सालचा सप्टेंबर आठवावा. २६ तारखेच्या सायंकाळी ‘गुलाब’ नामक चक्रीवादळ बंगालच्या उपसागरातून कलिंगपट्टणमनजीक किनाऱ्यावर चढले. जमिनीवर त्याचा वारा निवाला, पण पोटातील पाणी सरले नाही. तेलंगणातून मराठवाडा व विदर्भावर येऊन ते सोयाबीनच्या काढणीच्या सुमारास मुसळधार कोसळले. २८ तारखेस शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेडनजीक दहागावच्या पुलावर, पुराच्या लोंढ्यात एस.टी.ची बस वाहून गेली व माणसे प्राणांस मुकली. तेच वादळ पुढे अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ या नावाने उठले आणि ३ ऑक्टोबर रोजी ओमानवर आदळले. समुद्र दूर आहे, पण त्याचा कोप आपल्या उंबरठ्याशी येतो.

या कोपाची चाहूल आधी घेण्याची विद्या फार जुनी नाही. कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी जहाजांच्या नोंदवह्या चाळून वादळांची गोल गती अभ्यासिली आणि सापाच्या वेटोळ्यावरून १८४८ साली ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ केला. तथापि ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या वादळाने हजारो जीव घेतले.

त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, नोव्हेंबर १८६७ मध्ये, तेथील सेंट झेवियर्स कॉलेजात शिकविणारे बेल्जियन येशूसंघीय धर्मगुरू फादर यूजीन लाफाँ यांनी कॉलेजच्या गच्चीवर जुळविलेल्या साध्या उपकरणांवरून नवे वादळ येत असल्याचे ओळखिले व अधिकाऱ्यांस सावध केले. भारताचे हवामान खाते स्थापन होण्यास तेव्हा आठ वर्षे अवकाश होता. ते १८७५ साली निघाले.

त्याच सुमारास क्यूबा बेटावर हवाना येथील बेलेन कॉलेजात फादर बेनितो विन्येस हे दुसरे येशूसंघीय हेच व्रत आचरीत होते. १८७० ते १८९३, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांनी तेथील वेधशाळा सांभाळली. वादळाच्या मध्यापासून उंच आभाळात पिसांसारखे ढग चोहोकडे फाकतात. त्यांची दिशा पाहून वादळ कोठे आहे व कोणीकडे वळेल, हे ते ताडीत. सप्टेंबर १८७५ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांतून वादळाची पूर्वसूचना प्रसिद्ध केली. मनिला येथे फादर फेदेरिको फौरा यांनी जुलै १८७९ मध्ये तशीच वर्दी दिली. उपग्रह नव्हते, रडार नव्हते. वायुभारमापक, तारायंत्र आणि आभाळाकडे लागलेली चिकाटीची दृष्टी, एवढेच त्यांचे भांडवल.

परंतु ज्ञान असून भागत नाही, ते ऐकणाराही हवा. सप्टेंबर १९०० मध्ये क्यूबावरून गेलेले वादळ आखातात शिरेल असे हवानाच्या अभ्यासकांचे मत होते; अमेरिकेच्या हवामान कचेरीने मात्र ते उत्तरेकडे वळेल असे धरिले. क्यूबातील वादळविषयक तारांवर तेव्हा निर्बंध होता. ८ तारखेस टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन शहर बुडाले व सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. एका अहंकाराची ही केवढी किंमत!

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशात आहे. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशाच्या महावादळात सुमारे दहा हजार बळी गेले. त्याच किनाऱ्यावर १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ हे भयंकर वादळ आले, तेव्हा लाखो लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविले होते. मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वादळ थांबविता आले नाही, पण शब्द वेळेवर पोहोचला, आणि तो मानला गेला.

आज इशारा क्षणात खिशातील फोनवर येतो. तरीही पुलावरून पाणी वाहत असता ‘जाईल गाडी’ असे म्हणणारा मोह सुटत नाही. आणि ज्या वृद्धेजवळ फोन नाही, तिच्या दारी जाऊन सांगणारा कोणी लागतोच. आभाळाची लक्षणे ओळखणाऱ्यांना काळाची लक्षणे का ओळखता येत नाहीत, असे प्रभू येशूने विचारिले होते. गच्चीवर उभ्या राहिलेल्या त्या धर्मगुरूंनी दोन्ही लक्षणे ओळखिली. आकाशाचे वाचन त्यांच्या लेखी शेजारप्रीतीचेच कृत्य होते. ज्युबिलीच्या या वर्षी आपल्या धर्मग्रामानेही एवढे व्रत घ्यावे: जे आपणांस कळले, ते शेवटच्या घरापर्यंत पोहोचवावे.