आईचा खुबा आणि चार स्टिकरं

मागच्या वर्षी आईच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्याआधीची दोन वर्षं आमचं मुलुंडचं घर त्या खुब्याभोवतीच फिरत होतं. आधी मांडी घालून पूजेला बसणं बंद झालं, मग चप्पल घालायला वाकणं, आणि शेवटी स्टेशनचा जिना. दुखायचं मांडीत आणि गुडघ्यात, म्हणून पहिले काही महिने आम्ही गुडघ्यालाच तेल चोळत बसलो! एक्सरे काढल्यावर कळलं, की खुब्याच्या सांध्यातली कूर्चा झिजून हाडावर हाड घासतंय.

आता आई काठीशिवाय भाजी आणते. पण आज लिहायचंय ते तिच्या फाइलबद्दल.

डिस्चार्जच्या दिवशी फाइलमध्ये एका पानावर चार छोटी स्टिकरं दिसली. बारकोड, साइज, लॉट नंबर. आई म्हणाली, "अरे, किमतीची लेबलं असतील, काढून टाक की." मी काढणारच होतो. मग म्हटलं, जरा वाचून तर बघू.. आणि अख्खा वीकेंड त्यातच गेला :-)

आजच्या खुबाबदलाचा जनक म्हणजे इंग्लंडच्या राइटिंग्टन हॉस्पिटलचे जॉन चार्नली. त्यांची पहिली आवृत्ती चक्क फसली होती. धातूचा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी अशी रचना होती. सुमारे ३०० रुग्णांना ती बसवली, आणि काही वर्षांतच टेफ्लॉन झिजून त्याच्या कणांनी आजूबाजूची हाडं खराब व्हायला लागली. चार्नलींनी ते कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले आणि तिथेही सूज आली. मग नोव्हेंबर १९६२ पासून टेफ्लॉनच्या जागी पॉलिएथिलीन आलं आणि गाडी रुळावर आली. त्यानंतरही हा माणूस रुग्णांना विचारून ठेवायचा, की मृत्यूनंतर तुमचा सांधा तपासायला मिळेल का? आमच्या भाषेत सांगायचं तर, रिलीज झाल्यावरही तो लॉग बघत राहिला.

हीच सवय पुढे देशांनी लावून घेतली. स्वीडनने १९७९ मध्ये बसवलेल्या प्रत्येक खुब्याची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये. या नोंदवह्यांची किंमत कळली ती 'एएसआर' प्रकरणात.

एएसआर हा जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा खुबा. (मुलुंडच्या पोरांना जॉन्सन म्हणजे बेबी पावडरचा कारखाना!) यात गोळा आणि वाटी दोन्ही धातूचे होते, कोबाल्ट-क्रोमियमचे. घासून निघालेले कण आजूबाजूचं मांस खराब करायचे आणि रक्तातही उतरायचे. हा खुबा जरा जास्तच वेळा पुन्हा काढावा लागतोय, हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत दिसलं. डिसेंबर २००९ मध्ये तिथून तो मागे घेतला गेला. ब्रिटनच्या नोंदवहीतही पाच वर्षांत साधारण आठातला एक पुन्हा ऑपरेशनला येताना दिसला, आणि ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत बोलावला गेला.

पण खुबा परत बोलावणार कसा? तो काही मोबाइलची बॅटरी नाही. कुणाच्या शरीरात आहे हे आधी कळायला हवं.

इथे आपली गोष्ट सुरू होते. भारतात सुमारे ४,७०० ऑपरेशनांत हा खुबा वापरला होता आणि आपल्याकडे तशी सक्तीची नोंदवही नव्हती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये माहीम पोलिसांत तक्रार दिली. केंद्राची तज्ज्ञ समिती मात्र आली २०१७ मध्ये. २०१८ च्या अहवालात तिने किमान २० लाख भरपाई सुचवली, तोवर जेमतेम हजारेक रुग्णांचा पत्ता लागला होता. मे २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कंपनीने पडताळणी झालेल्या ६७ जणांना प्रत्येकी २५ लाख द्यायचं कबूल केलं.

४,७००, मग हजार, मग ६७. उरलेल्यांपैकी कुणीतरी आपल्याच लोकलमध्ये मांडी चोळत बसलेलं असेल, आणि 'वयामुळे दुखतं' म्हणत असेल. भरपाई सोडाच, पण रक्तातलं कोबाल्ट तपासून घ्या हे तरी त्यांना कोण सांगणार? फाइल हरवली, हॉस्पिटल बदललं, घर बदललं, संपलं.

आता २०१८ पासून वैद्यकीय उपकरणांसाठी वेगळे नियम लागू आहेत, चांगलंच आहे. पण आईची फाइल मी नियमांच्या भरवशावर ठेवणार नाही. चारही स्टिकरं स्कॅन केली, एक प्रत बहिणीला पाठवली, आणि एक आईच्या पर्समध्ये रेल्वेच्या पासमागे घातली.

"एवढं काय आहे रे त्यात?" आईने विचारलं.

"तुझ्या खुब्याचं आधार कार्ड," म्हटलं.

तुमच्या घरी कुणाचा खुबा किंवा गुडघा बदलला असेल, तर आज फाइल काढून बघा. स्टिकर नसेल तर हॉस्पिटलकडून लॉट नंबर लिहून मागा. दहा मिनिटांचं काम आहे.