मलिक अंबर : सिंहासनावाचून सत्ता

दक्षिणेच्या इतिहासात मलिक अंबराचे स्थान विलक्षण आहे. जन्माने हबशी, आरंभी गुलाम आणि अखेरीस निजामशाहीचा सर्वाधिकारी, अशा तिन्ही अवस्था त्याच्या एकाच आयुष्यात आढळतात. तथापि सिंहासन त्याने स्वतःकडे कधीच घेतले नाही. असे का, हा प्रश्न विचारणीय आहे.

सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू. बालपणीच त्याची विक्री झाली. मीर कासिम या धन्याने त्यास ‘अंबर’ हे सुगंधी द्रव्याचे नाव दिले. गुलामांस अशी नावे देण्याची तेव्हा रीतच होती. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्यास विकत घेतले. हा पेशवा स्वतःही पूर्वाश्रमीचा गुलाम होता. त्याच्याच हाताखाली अंबराने राज्यकारभार जवळून पाहिला.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी जिंकला. तेव्हा अंबराने निजामशाही घराण्यातील मुर्तजा यास परांड्यास गादीवर बसविले व आपली कन्या त्यास दिली. १६१० मध्ये त्याने खडकी हे नगर वसविले आणि डोंगरातील पाणी भूमिगत नळांनी तेथे आणले. हीच नहर-ए-अंबरी होय. १६२४ मध्ये भातवडीस त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. या लढाईत शहाजी त्याच्या पक्षाकडून लढला.

‘मलिक’ या अरबी शब्दाचा अर्थ राजा. मराठीतील ‘मालक’ही त्याच धातूचा. एकेकाळी इतरांच्या मालकीचा असलेला हा पुरुष नावापुरता ‘मलिक’ राहिला, ते केवळ विनयामुळे नव्हे. दख्खनी आणि मराठे सरदारांची निष्ठा घराण्याच्या नावावर एकवटत असे. परदेशी गुलामास ते नाव उसने घेणे भाग होते. ही युक्ती परिणामकारक ठरली; परंतु तिचा आधार एका व्यक्तीचे सामर्थ्य हाच होता. १६२६ मध्ये अंबर निवर्तला आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले.

त्यानंतर शहाजीने याच मार्गाचा अवलंब केला. निजामशाही वंशातील एक अल्पवयीन मुलगा गादीवर बसवून त्याने १६३६ पर्यंत कारभार चालविला. १६७४ च्या राज्याभिषेकाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. दुसऱ्याच्या नावाने राज्य करण्याची परंपरा शहाजीच्या पुत्राने मोडली. अंबराने सत्ता मिळविली होती. शिवाजीमहाराजांनी तिला स्वतःचे सिंहासन दिले.