दुधाचा पाय आणि सव्वा महिना

बाळंतपणानंतर काही दिवसांनी एखाद्या स्त्रीचा एकच पाय सुजतो, पांढुरका पडतो, ठणकू लागतो. स्तनांत न उतरलेले दूध पायात साचले, असे युरोपातील वैद्य पिढ्यानपिढ्या सांगत राहिले. व्याधीचे नावच पडले ‘दुधाचा पाय’.

१८२३ मध्ये लंडनचे प्रसूतितज्ज्ञ डेव्हिड डेव्हिस यांनी मृत स्त्रियांच्या ओटीपोटातील शिरा तपासल्या. दूध नव्हतेच, होत्या रक्ताच्या गाठी. (राणी व्हिक्टोरियाच्या जन्मवेळी उपस्थित असलेले डॉक्टर ते हेच.)

अशी गाठ सुटून फुप्फुसात अडकते, हे पुढे जर्मनीच्या रुडॉल्फ विर्खोव यांनी दाखवले. मंदावलेला प्रवाह, दुखावलेली शीर आणि गोठण्याकडे झुकलेले रक्त, ही गाठीची तीन कारणे. प्रसूतीतील रक्तस्राव आवरावा म्हणून तिसरे निसर्गच पुरवतो. सिझेरियन किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया दुसऱ्याची भर घालते. पहिले मात्र माणसांनी पुरवले, सक्तीच्या विश्रांतीने. शिकागोचे स्त्रीरोगतज्ज्ञ एमिल रीस यांनी १८९९ मध्येच शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना लवकर उठवण्याचा आग्रह धरला. ऐकायला वैद्यकाने चार दशके घेतली.

औषधही सापडले होते: १९१६ मध्ये कुत्र्याच्या यकृतातून हाती आलेले हेपॅरिन. पण ऑपरेशननंतर रक्त पातळ करायचे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण, ही भीती रास्त होती. १९७५ मध्ये लंडनचे भारतीय वंशाचे शल्यविशारद विजय कक्कर यांनी चार हजारांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. फुप्फुसातील गाठीने हेपॅरिनविना १६ जण दगावले होते, अल्प मात्रेच्या हेपॅरिनवर २.

दारव्ह्यासारख्या गावी हा इतिहास थेट बाळंतिणीच्या बाजेशी येऊन भिडतो. वाढीव धोका प्रसूतीनंतर सुमारे सहा आठवडे राहतो. म्हणजे जवळपास तोच सव्वा महिना. यवतमाळला सिझेरियन होऊन लेक माहेरी येते, तेव्हा दवाखाना मागे राहतो, धोका नाही. एका पायाची सूज, बहुधा डाव्या, ‘वारा लागला’ म्हणून शेकली जाते. अचानक लागलेली धाप अशक्तपणाच्या खात्यावर जमा होते. डावाच का? उजव्या पायाकडे जाणारी रोहिणी डाव्या पायाच्या शिरेवरून ओलांडते आणि वाढलेल्या गर्भाशयाखाली ती शीर अधिकच दबते.

आज सिझेरियननंतर दिवसभरातच नर्स बाळंतिणीला हात धरून चालवते. ‘टाके ओले आहेत’, असे म्हणत आजी कुरकुरते.