मुखवट्यामागचा हेतू

'मोबाइल सूट गंडम' या जपानी ॲनिमे मालिकेच्या आरंभी एक निवेदन ऐकू येते. पृथ्वीभोवतीच्या प्रचंड वसाहतींत माणसे राहू लागल्याला अर्धशतक उलटून गेले आहे. त्यांपैकी पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या वसाहतसमूहाने स्वतःला 'झिऑन' हे राज्य म्हणवून पृथ्वीच्या महासंघाविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले आहे. आणि महिनाभराच्या लढाईत झिऑन व महासंघ यांनी मिळून मानवजातीपैकी निम्मी माणसे मारली आहेत. या शेवटच्या विधानातील क्रियेला दोन कर्ते आहेत, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. मुलांसाठी म्हणून दाखवल्या जाणाऱ्या यंत्रमानवांच्या मालिकेत दोष असा दोघांवर वाटून टाकण्याची रीत त्या काळी नव्हती.

योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका ७ एप्रिल १९७९ पासून नागोया टीव्हीवरून प्रसारित झाली. प्रेक्षकसंख्या कमी पडली, प्रायोजक खेळणी-उत्पादकाचा मालही अपेक्षेइतका खपला नाही, आणि ५२ भागांची योजना ४३ भागांवर आटोपून २६ जानेवारी १९८० रोजी मालिका संपली. तिचे खरे आयुष्य त्यानंतर सुरू झाले. पुनःप्रसारणे झाली, जुलै १९८० पासून बांदाई कंपनीचे जोडणीचे प्लास्टिक नमुने बाजारात आले, १९८१-८२ मध्ये तीन चित्रपट निघाले आणि चाहत्यांचा एक मोठा वर्ग तयार झाला. या वर्गाने नायक आमुरोइतकाच, कित्येकदा त्याहून अधिक, जीव लावला तो शत्रूपक्षाच्या एका अधिकाऱ्याला. तांबडा गणवेश आणि चेहऱ्यावर मुखवटा असलेल्या या वीस वर्षांच्या तरुणाचे नाव शार अझ्नाब्ल. धड खल नाही, धड नायकही नाही, अशा पात्राचा हेतू रसिक कसा लावतात, याचा इतिहास शारच्या निमित्ताने जितका सलग सांगता येतो तितका दुसऱ्या कोणत्याही ॲनिमे पात्राच्या निमित्ताने सांगता येत नसावा.

शार आभाळातून पडला नव्हता. १९७४-७५ च्या 'स्पेस बॅटलशिप यामातो' मध्ये देस्लर हा शत्रूराष्ट्राचा अधिपती होता, आणि पुढच्या कथांत त्याला उमद्या प्रतिस्पर्ध्याची प्रतिष्ठा मिळत गेली. १९७५ च्या 'रायदीन' मध्ये शार्किन हा मुखवटाधारी देखणा राजपुत्र शत्रूच्या बाजूने लढत होता आणि त्याच्यावर लुब्ध झालेल्यांत किशोरवयीन मुली पुष्कळ होत्या. 'रायदीन'च्या पूर्वार्धाचे दिग्दर्शक तोमिनोच होते. म्हणजे मुखवटा, देखणेपणा आणि शत्रूपक्ष यांची जुळणी आधीच झालेली होती. शारमध्ये नवी भर पडली ती हेतूची. तो ज्या पक्षाच्या बाजूने लढतो तो पक्षच त्याचा खरा शत्रू आहे.

त्याचे जन्मनाव कास्वाल. ज्या विचारवंत नेत्याच्या नावावरून झिऑन राज्य ओळखले जाते त्याचा तो मुलगा. बापाच्या मृत्यूनंतर सत्ता झाबी घराण्याच्या हाती गेली, आणि त्या घराण्यानेच आपल्या बापाचा घात केला अशी कास्वालची धारणा आहे. नाव बदलून तो झाबींच्या सैन्यात शिरतो, पराक्रमाने वर चढतो आणि एकेका झाबीला गाठण्याची वाट पाहतो. त्याची बहीण सेला मात्र नेमकी समोरच्या, महासंघाच्या नौकेवर आहे.

दहाव्या भागात शार आपला सैनिकी शाळेतील मित्र गार्मा झाबी याला डाव रचून मृत्यूच्या तोंडी देतो आणि शेवटच्या क्षणी संदेशयंत्रावरून त्याला सांगतो, की तू माणूस चांगला आहेस, दोष तुझ्या बापाचा आहे. शारच्या बापाच्या मृत्यूत गार्माचा काही हात नव्हता. बापाच्या करणीचे फळ मुलाच्या माथी मारले गेल्याने शारचे बालपण करपले, आणि तेच तो आता दुसऱ्या मुलाच्या बाबतीत करतो. पुढच्याच भागात गार्माची वाग्दत्त वधू इसेलिना सूड घेण्यासाठी आमुरोच्या नौकेवर चालून जाते आणि मरते. खऱ्या मारेकऱ्याचा तिला पत्ताच नसतो. सूड चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो, हे मालिकेने लागोपाठच्या दोन भागांत दाखवले आहे. शारला डोक्यावर घेणाऱ्या चाहत्यांनी हे दोन्ही भाग पाहिलेले होते, हे विसरता कामा नये.

मग त्यांना शार प्रिय का झाला? याचे एक उत्तर जपानी परंपरेत शोधता येते. बाराव्या शतकातील सेनानी मिनामोतो योशित्सुने याने आपल्या थोरल्या भावासाठी युद्धे जिंकली आणि शेवटी त्याच भावाने पिच्छा पुरवल्यामुळे ११८९ मध्ये त्याला आत्महत्या करावी लागली. जिंकलेल्या भावापेक्षा या हरलेल्या भावावर जपानी लोकमानसाने अधिक माया केली. योशित्सुनेच्या पदनामावरून अशा मायेला 'होगान-बिइकी' असा शब्दच रूढ झाला. इव्हान मॉरिस यांच्या १९७५ च्या 'द नोबिलिटी ऑफ फेल्युअर' या ग्रंथाचा विषय पराभूत वीरांविषयीचा हाच जिव्हाळा आहे. शार हा राज्य गमावलेला राजपुत्र आहे, तेव्हा तो या मालिकेत सहज बसतो. पण एवढ्याने भागत नाही. योशित्सुनेवर अन्याय झाला, एवढे पुरते. त्याच्या मनात नेमके काय होते हे कोणाला शोधावे लागत नाही. शारचे मन मात्र सतत शोधावे लागते.

याचे कारण मालिकेनेच ठेवलेल्या रिकाम्या जागा. बारा भागांनंतर शार कथेतून जवळजवळ नाहीसा होतो आणि सव्विसाव्या भागात परततो. त्या वेळी त्याच्या सूडाची धार बोथट झालेली दिसते. किसिलिया झाबीने त्याची खरी ओळख शोधून काढल्यावर तो सांगतो, की सूड आता आपल्याला निरर्थक वाटतो. अंतराळात जन्मणाऱ्या अधिक संवेदनशील अशा नव्या मानवाचा काळ आपल्याला पाहायचा आहे. लाला ही तशीच एक मुलगी त्याच्या सहवासात असते आणि आमुरोच्या हातून मरते. अखेरच्या भागात शार आमुरोशी तलवारीने लढतो, मग त्यालाच आपल्या बाजूला येण्यास सांगतो, आणि शेवटी निरर्थक ठरवलेला सूड पुरा करत किसिलियाला ठार मारतो. हा माणूस सूडकरी आहे, ध्येयवादी आहे, की बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यावाचून ज्याला जगणे बेचव होते असा खेळाडू आहे? तिन्ही वाचनांना संहितेत आधार आहे आणि तिन्ही वाचने झाली. चेहरा झाकलेला असल्यामुळे प्रत्येकाला त्यामागे आपला शार ठेवता आला.

२२ फेब्रुवारी १९८१ रोजी, पहिल्या चित्रपटाच्या आधी, टोकियोतील शिंजुकु स्थानकाबाहेर हजारो तरुण जमले. 'ॲनिमेच्या नव्या शतकाची घोषणा' म्हणून तो मेळावा ओळखला जातो. मंचावर शार आणि लालाच्या वेशात दोन चाहते होते, मामोरु नागानो आणि मारिया कावामुरा. नागानो पुढे याच क्षेत्रात नामांकित संकल्पक झाले, कावामुरा आवाज-अभिनेत्री झाल्या. त्याच वर्षी 'आउट' मासिकाच्या विशेषांकाच्या रूपाने 'गंडम सेंच्युरी' प्रसिद्ध झाले. मालिकेत जे सांगितलेच नव्हते ते तंत्रज्ञान आणि युद्धाचा तपशील त्यात खऱ्या इतिहासाच्या शिस्तीने रचला होता, आणि त्यातील बरेचसे पुढे अधिकृत कथाविश्वात सामावले गेले. चाहत्यांचे वाचन मूळ संहितेत परत शिरण्याचा हा महत्त्वाचा टप्पा होय.

या टप्प्यावरच एक घसरणही सुरू झाली, असे आम्हांला वाटते. एका माणसाचा हेतू समजून घेता घेता त्याच्या अंगावरचा गणवेशही आवडू लागला. झिऑनची तक्रार खोटी नव्हती. गर्दी कमी करण्यासाठी माणसांना अंतराळात पाठवायचे आणि राज्य मात्र पृथ्वीवरूनच करायचे, हा अन्याय होताच. पण त्याच झिऑनच्या गिरेन झाबीची तुलना त्याचा स्वतःचा बाप मालिकेत हिटलरशी करतो, आणि शहरावर अख्खी वसाहत कोसळवणारे राज्यही हेच. १९८९ च्या 'वॉर इन द पॉकेट' मध्ये झिऑनचा एक कोवळा सैनिक सहानुभूतीने रंगवला आहे, पण त्याच्या पक्षाला तेथे मोठेपणा दिलेला नाही. १९९१-९२ च्या 'स्टारडस्ट मेमरी' मध्ये मात्र पराभूत झिऑन-सैनिकांच्या निष्ठेलाच तेज चढते. माणसाविषयीची करुणा आणि ध्वजाविषयीचे आकर्षण यांत अंतर आहे, आणि ते अंतर चाहत्यांप्रमाणे निर्मातेही कधी कधी विसरले.

तोमिनो मात्र ते विसरले नव्हते. १९८५-८६ च्या 'झेटा गंडम' मध्ये त्यांनी शारला दुसरे नाव देऊन महासंघातील जुलमी गटाविरुद्ध लढायला लावले. तेथे तो तरुणांचा वडीलधारा सहकारी आहे, डाकार येथील भाषणात आपली खरी ओळख जगापुढे उघड करतो, आणि शेवटी बेपत्ता होतो. शारला मुळातच चांगला मानणाऱ्यांना याहून अधिक काय हवे होते? पण मार्च १९८८ मध्ये 'शार्स काउंटरअटॅक' आला. त्यात हाच शार एक अशनी ल्हासावर पाडतो आणि पृथ्वी राहण्याजोगी उरू नये म्हणून दुसरा, त्याहून मोठा, तिच्यावर सोडतो. त्याच वेळी आपले गुप्त तंत्रज्ञान तो आमुरोच्या हाती पडू देतो, कारण लढत बरोबरीची व्हायला हवी. मृत्यूच्या दारात त्याच्या तोंडून निघते ते पृथ्वी किंवा मानवजात यांच्याविषयी नसते. लाला आपली आई होऊ शकली असती, असे तो बोलून जातो आणि ऐकणारा आमुरो अवाक होतो. कोट्यवधी माणसांच्या जिवावर उठलेल्या मोहिमेच्या तळाशी एक पोरकेपण निघते.

या चित्रपटात शारच्या मागे जाणाऱ्या क्वेस या मुलीला आवाज दिला आहे तो कावामुरा यांनी. शिंजुकुच्या मंचावर लालाच्या वेशात उभी राहिलेली चाहती सात वर्षांनी शारच्या मोहात पडून संपणाऱ्या मुलीचा आवाज होते. हा योगायोग असेल, पण चित्रपटाच्या आशयाला तो विलक्षण जुळतो. या आई-प्रकरणाने काही रसिकांना शारची उंची कमी झाल्यासारखे वाटले, तर काहींना प्रथमच त्याचा चेहरा दिसल्यासारखे वाटले. दुसऱ्या गटातील सर्वांत फलदायी वाचक म्हणजे हिदेआकी आन्नो. १९९३ मध्ये त्यांनी केवळ या चित्रपटावर एक पुस्तिका स्वतः संपादित करून काढली. तीत तोमिनोंची मुलाखत आहे आणि मामोरु ओशी यांच्यासारख्या समव्यावसायिकांशी केलेली चर्चाही आहे. दोन वर्षांनी आन्नो यांचे 'इव्हँजेलियन' आले. त्यातील गेन्दोची सगळ्या मानवजातीला वेठीस धरणारी योजना अखेर गमावलेल्या पत्नीच्या ओढीवर उभी असते. शारच्या शेवटच्या बोलण्याचा हा विस्तार आहे असे आम्ही वाचतो.

मूळ मालिकेचे पात्ररेखाटनकार योशिकाझु यासुहिको यांनी २००१ ते २०११ या काळात 'द ओरिजिन' या चित्रकथेत शारचे बालपण आणि तारुण्य सविस्तर सांगितले. रिकाम्या जागा भरल्या, पण त्या सहानुभूतीच्या बाजूने भरल्या नाहीत. तेथे शार अझ्नाब्ल हे नावच एका दुसऱ्या, दिसायला सारख्या तरुणाचे आहे. तो कास्वालच्या जागी मरतो आणि कास्वाल त्याचे नाव लावून पुढे जातो. ज्या नावावर चाहत्यांनी प्रेम केले ते नावच शारच्या पहिल्या बळींपैकी एकाचे ठरते. मग २०२५ मध्ये काझुया त्सुरुमाकी यांच्या दिग्दर्शनाखाली 'जीक्वॅक्स' आली. तिच्या लेखनात आन्नो यांचाही वाटा होता. शारनेच गंडम पळवला असता आणि झिऑन जिंकला असता तर, या चाहत्यांच्या जुन्या कल्पनाविलासावरच ती मालिका उभी आहे.

एवढ्या वाटचालीनंतर आम्हांला एक फरक स्पष्ट दिसतो. करड्या छटेच्या पात्राविषयी दोन प्रश्न विचारले जातात. त्याने असे का केले, हा एक. आणि त्याचे बरोबर होते का, हा दुसरा. चाहत्यांवर नेहमीचा आक्षेप असा, की पहिल्याचे उत्तर मिळताच ते दुसऱ्याचेही मिळाले असे मानतात. झिऑनच्या ध्वजाबाबत तो आक्षेप पुष्कळसा खरा आहे. पण शारचे जे वाचक पुढे निर्माते झाले त्यांनी उलटी वाट धरली. हेतू जितका खोल शोधावा तितका तो कृत्यापुढे लहान दिसू लागतो, हे त्यांनी ओळखले. पोरके मूल समजून घेता येते, पण ल्हासावर पडलेला अशनी त्यामुळे हलका होत नाही.

साहित्याच्या वर्गात आपण पात्रांचे हेतू शोधायला शिकवतो, आणि ते शिकवलेच पाहिजे. मात्र हेतू हाती लागला की चर्चा संपवण्याची सवय आपल्यालाही आहे. तेथे थांबण्यापूर्वी इसेलिनाची आठवण ठेवावी. तिचा हेतू तर शारच्याहून निर्मळ होता, आणि तरी ती बंदुका रोखून गेली ती भलत्याच माणसांवर.